पाकीट हातात द्यायचं

आमच्या घरी टॉवेलचा हत्ती व्हायचा. बाबा सुट्टीवर आले की पहिले एक-दोन दिवस नुसते झोपायचे. मग एका सकाळी दोरीवरचा मोठा टॉवेल ओढून दिवाणवर पसरायचे, दोन्ही कडांनी घट्ट गुंडाळत मधोमध आणायचे, असा काही दुमडायचे की तो चार पायांवर उभाच राहायचा. हात पुसायच्या टॉवेलचं डोकं, त्यालाच कान, त्यालाच सोंड. शेवटी स्वतःचा चष्मा काढून हत्तीच्या डोळ्यांवर ठेवायचे आणि आमच्याकडे बघायचे. चष्मा नसल्यामुळे त्यांना आम्ही नीट दिसत नसणार, पण हसायचे मात्र बरोबर आमच्याच दिशेला.

दारात बिल्डिंगमधल्या पोरांची गर्दी. आतून आई, "अहो, त्या हत्तीला सोडा आता, मला न्हायचंय!"

मुंबईबाहेरच्या नवघरमधली ती बिल्डिंग तीन मजल्यांची, बिनलिफ्टची, खाली पिठाची गिरणी असलेली. जिन्यात कायम गव्हाचा वास. बाबा वर्षातून दोनेक महिने घरी, बाकी सगळं वर्ष प्रवासी जहाजावर. त्यांच्या बॅगेतून बारके बारके साबण निघायचे, बोटाएवढ्या शॅम्पूच्या बाटल्या निघायच्या, आणि त्यांच्या शर्टांना कडक इस्त्रीचा एक वास असायचा. अजूनही कुठल्या लॉन्ड्रीसमोरून गेले की मला वाटतं, बाबा आले.

पोरं त्यांना हत्तीवाले काका म्हणायची. मोठी माणसं म्हणायची कॅप्टन.

हे कुणी सुरू केलं ते नक्की सांगता येतं. गिरणीवाल्या काकांनी. बाबा बॅगा घेऊन रिक्षातून उतरले की गिरणीचा आवाज बंद व्हायचा आणि काका पिठाने पांढरे झालेले हात कपाळाला लावून सलाम ठोकायचे, "आले, आले, कॅप्टनसाहेब आले!" थट्टाच होती. पण थट्टा वरच्या मजल्यांपर्यंत जाता जाता खरी झाली. बँकेतून रिटायर झालेले सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंगमध्ये म्हणायचे, "कॅप्टनचं मत घ्या, जग बघितलेला माणूस आहे." नळाच्या पाइपलाइनबद्दल असलं तरी.

बाबा कॅप्टन नव्हते. ऑफिसरही नव्हते. ते केबिन स्टुअर्ड होते. म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारे. सकाळी चादरी बदलायच्या, संडास-बाथरूम घासायचं, संध्याकाळी पुन्हा जाऊन बेड लावायचा, उशीवर चॉकलेट ठेवायचं, आणि प्रवाशांची मुलं खूश व्हावीत म्हणून टॉवेलचा हत्ती करायचा. आमच्या दिवाणवरचा हत्ती हा कामावरून घरी आलेला हत्ती होता, हे मला बरंच उशिरा कळलं.

आणि हेही उशिरा कळलं की त्यांचा पगार नावापुरता होता. घर चालायचं ते प्रवाशांनी दिलेल्या टिपवर. इथे माझं डोकं फिरतं, ते मी लपवत नाही. मी सोसायट्यांमधल्या वॉचमन आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठी पत्रकं काढते, नवघर रोडला उभी राहून वाटते, लोक ती घेऊन पुढच्या कोपऱ्यावर टाकतात. माझ्या एका पत्रकाचा मथळा होता, 'बक्षीस नको, पगार द्या'. माझं म्हणणं साधं आहे. माणूस राबवायचा मालकाने आणि त्याला जगवायचं की नाही हे ठरवायचं गिऱ्हाइकाच्या मूडने, ही लूट आहे. तिला सुंदर नाव दिलं म्हणून ती सेवा होत नाही.

बाबा हे सगळं ऐकून घ्यायचे. रिटायर झाल्यावर संध्याकाळी आम्ही जेसल पार्कला खाडीच्या कडेने चालायला जायचो तेव्हा ते जहाजाबद्दल थोडंथोडं बोलायचे. म्हणायचे, "पैसे कमी मिळाले त्याचं एवढं नाही गं. शेवटचा दिवस वाईट. आठवडाभर तुझ्या मुलीचं नाव काय, काय शिकते, विचारणारी माणसं. आणि उतरायच्या सकाळी तीच माणसं पॅसेजमधून अशी जातात, भिंतीवरची चित्रं बघत. तीच चित्रं आठवडाभर तिथेच होती."

म्हणून त्यांचा स्वतःचा एक नियम होता. दिवाळीची पोस्त ते वॉचमनला स्वतः खाली जाऊन द्यायचे. पाकिटात घालून, पाकिटावर त्याचं नाव लिहून, लक्ष्मीपूजनाच्या आधी. "सण संपल्यावर दिलेल्या पोस्तीचं तो काय करणार?" सेक्रेटरी सगळ्या सोसायटीची पोस्त जमवून नोटीस बोर्डावर कुणी दिली, कुणी नाही हे लावायचे. बाबा त्यातही देत आणि वर आपलं पाकीटही देत. पाकीट हातात द्यायचं, देताना तोंडाकडे बघायचं. एवढंच. याचं ते कधी भाषण करत नसत. भाषणं मी करते.

मग त्यांनी 'कॅप्टन' का चालवून घेतलं? त्याला कारण माझे आजोबा.

आजोबा कोकणातल्या गावातून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांच्या लहानपणी गावाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या माणसांना गावकीची कामं होती. सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि मोबदला म्हणून दारोदार उभं राहून शिळी भाकरी घ्यायची. धर्म बदलला तेव्हा वाड्याने एका दिवसात ती कामं टाकली. आजोबा तेव्हा तरणे होते. उपाशी राहिले, पण पुन्हा कुणाच्या दारात हात पुढे केला नाही. त्यांना याचा केवढा ताठा होता! खाटेवर बसूनही पाठ सरळ असायची.

बाबा घरी आले की आजोबा चहा पिताना एकदा विचारायचेच, "साहेब लोक हातावर काय ठेवतात काय रे?"

"नाय आण्णा. पगार असतो."

"मग बरा हाय."

दरवर्षी हाच प्रश्न, हेच उत्तर. आणि तेवढ्यात कुणीतरी जिन्यातून हाक मारायचं, "ओ कॅप्टन!" आजोबा खाटेवर जरा आणखी सरळ व्हायचे. तुम्हीच सांगा, असल्या घरात कोण खुलासा करत बसेल? आजोबा गेले ते कॅप्टनचे वडील म्हणून गेले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळे भाड्याने इकडे तिकडे पांगणार, त्याआधी एकदा सोसायटीची सहल काढू या असं निघालं. दरवेळी बसने कुठेतरी डोंगरावर जायचो. यावेळी सेक्रेटरींनी मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची टूम काढली. गोव्याच्या बाजूला जाऊन परत. "आपल्याकडे घरचा कॅप्टन असताना डोंगर कशाला?"

बाबा नको म्हणाले. गुडघा दुखतो म्हणाले. मग ब्लडप्रेशर म्हणाले. आईने एका वाक्यात निकाल लावला, "आयुष्यभर लोकांना फिरवलंत, मला कधी दाखवलंत का ते जहाज?" संपलं.

जहाजावर पाय ठेवल्यापासून बाबा बदलले. लांबलचक पॅसेजमधून कुणीही समोरून आलं की ते पटकन भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि हसून मान झुकवायचे. शरीरातच बसलेली सवय ती. आमच्याच बिल्डिंगमधल्या काकू जाताना एकमेकींना म्हणाल्या, "बघ, मोठ्या माणसांचे मॅनर्स." मी बाबांकडे पाहिलं, बाबा गालिच्याकडे बघत होते.

पण खरा घोटाळा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. मला जाग आली तेव्हा आई बाथरूममध्ये होती आणि बाबांनी त्यांचे दोघांचे बेड लावून टाकले होते. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली. आरसा पुसलेला, कचऱ्याची पिशवी गाठ मारून दाराशी. मला म्हणाले, "ऊठ, तुझा राहिलाय."

तेवढ्यात दारावर टकटक. आमची केबिन आवरणारी बाई आली. दार्जिलिंगकडची, आईपेक्षा लहान, माझ्यापेक्षा मोठी. तिने आत पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"सर, मुझसे कोई गलती हो गयी क्या?"

"नहीं नहीं," बाबा गडबडले. "आदत है."

"सर, प्लीज मत कीजिए. सुपरवायझर देखेगा तो बोलेगा, गेस्ट को खुद क्यों करना पड़ रहा है."

बाबांना हे कळायला हवं होतं. त्यांनीच आयुष्यभर ही भीती घेऊन काम केलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी लावलेला बेड ओढून विस्कटला. उशी खाली टाकली. "लो. अब करो."

ती हसायला लागली. आई बाथरूममधून बाहेर येऊन बघतच राहिली. "घरी कधी उशीचा अभ्रा बदलला नाहीत, आणि इथे हौस आली होय?"

बाईने खाली पडलेली उशी उचलली, गादीच्या त्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "सर, आप शिप पे थे? केबिन में?"

"हां." मग बाबा दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "हमारे ग्रुप में किसी को मालूम नहीं. बोलना मत."

तिने मान हलवली. संध्याकाळी आम्ही परत आलो तर बेडवर हत्ती. चष्म्याच्या जागी तिने काळ्या कागदाचे गोल लावले होते. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ बसले. म्हणाले, "सोंड जरा सैल बांधलीय." पण हात लावला नाही.

परतायच्या आदल्या दिवशी दुपारी आमचा सगळा कंपू वरच्या डेकवर चहाला जमला. वारा एवढा की कागदी कप धरून ठेवावे लागत होते. सेक्रेटरींनी बातमी आणली. दर माणशी, दर दिवसाला एक सर्व्हिस चार्ज आपल्या खात्यावर चढतोय, तो या खोल्यावाल्या-जेवणवाल्या लोकांसाठी असतो, आणि खाली डेस्कवर जाऊन सांगितलं तर काढून टाकतात.

"कम्पल्सरी नाहीये! दिल्लीवाल्या ग्रुपने कालच काढून घेतला."

"तिकिटात सगळं आलं ना मग," कुणीतरी म्हणालं.

"आणि आपण पसारा तरी कुठे करतो? मी तर टॉवेल पण घरचा आणलाय."

"अगदीच काही नको असं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "फराळ उरलाय, तो देऊन टाकू. चकल्या आहेत."

"मारा थेपला पण छे," दुसऱ्या मजल्यावरच्या काकी उत्साहाने म्हणाल्या. "खूप आहेत, हां. ताजेच आहेत."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आता कळतं. आपल्याकडे माणसाला खाऊ घातलं की आपण त्याला सगळं दिलं असं वाटतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द आला. शिळी भाकरी.

सेक्रेटरी उठले. "चला कॅप्टन, तुम्ही पुढे व्हा. तुम्ही जहाजातला ऑफिसर माणूस. तुम्ही दोन शब्द बोललात की सगळ्या ग्रुपचं एका फटक्यात काढतील."

बाबांचा कप तोंडापाशी थांबला. मला कळलं काय चाललंय. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागणार. हो म्हणायचं तर खाली जाऊन त्या बाईच्या ताटातलं काढायचं, तेही साहेब बनून.

मला राहवलं नाही. "काका, हा चार्ज म्हणजे मेहरबानी नाहीये. तोच त्यांचा पगार आहे. कंपनी त्यांना..."

"अगं थांब," सेक्रेटरी हसले. "तूच गेटवर पत्रक वाटलं होतंस ना? बक्षीस नको, पगार द्या? मग आम्ही तुझंच ऐकतोय की! बक्षीस बंद!"

सगळे हसले. गिरणीवाले काका तर टाळी द्यायला माझ्याकडे हात करून बसले. "ते मालकाला म्हटलं होतं, तुम्हाला नाही," मी ओरडले. "आधी पगार द्या, मग बंद करा!" पण ओरडणाऱ्या माणसाचं वाऱ्यात काही ऐकू जात नाही. मी आणखी ओरडणार होते.

बाबांनी कप खाली ठेवला. तो उडू नये म्हणून त्यात चमचा घातला.

"मी ऑफिसर नव्हतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"केबिन करायचो. तुमची खोली आवरते ना ती बाई, तेच. बेड लावायचे. संडास घासायचा."

मग गिरणीवाले काका, अगदी खरोखर गोंधळून, "मग कॅप्टन?"

"ते तुम्ही म्हणालात." बाबा थोडे हसले. "बरं वाटायचं. म्हणून मी गप्प बसलो. आमच्या आण्णांना पण बरं वाटायचं."

वारा कुणाची तरी टोपी घेऊन गेला, पण कुणी उठलं नाही.

"हे तुम्ही जे काढायला चाललाय," बाबा सेक्रेटरींना म्हणाले, "त्याच्यावर ही शिकली. पत्रकं लिहायला शिकली ती त्याच्यावरच. तुम्हाला जायचंय तर जा डेस्कवर. तुमचा हक्क आहे. मी येत नाही."

एवढं बोलून त्यांनी कप उचलला. चमचा काढून उरलेला चहा संपवला. आई उठली, टेबलावरचा चकल्यांचा डबा तिने ओढून घेतला आणि झाकण लावलं. "डबा माझा आहे," ती म्हणाली. "मी परत नेतेय."

सेक्रेटरी डेस्कवर गेले. हे मी ऐकीव सांगत नाही, मी जिन्यातून वाकून बघितलं. गिरणीवाले काका गेले नाहीत. बाकी कोण गेलं, कोण नाही, ते मला माहीत नाही, आणि बाबांनी मला चौकशी करू दिली नाही. "नोटीस बोर्ड लावणार आहेस का तू पण?"

आम्ही दोघंच रेलिंगपाशी उरलो तेव्हा मी विचारलं, "आजोबांना कधीच सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? त्यांनी हात मागे घेतला म्हणून मी शाळेत गेलो. आणि शिकून मी परत पुढे केला."

"तुमचा हात चुकला नव्हता. कंपनीने पगार खाल्ला, चूक तिची."

"छान आहे," बाबा म्हणाले. "पत्रकात घाल."

मी घातलं नाही. आज इथे लिहितेय.

संध्याकाळी बाई बेड लावायला येण्याच्या वेळी बाबा मुद्दाम केबिनमध्ये थांबले. बाकीचे प्रवासी पाकीट उशीवर ठेवून जेवायला जातात. बाबांनी पाकिटावर तिचं नाव लिहिलं होतं, स्पेलिंग तिच्या छातीवरच्या पट्टीवरून उतरवून घेतलेलं. ती आली. त्यांनी उभं राहून ते तिच्या हातात दिलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. आमच्या खात्यातून चार्ज गेला होताच, हे त्यावरचं.

"सर, आप तो खुद स्टाफ हैं," ती घेईना.

"इसीलिए," बाबा म्हणाले. "पकड़ो."

तिने दोन्ही हातांनी घेतलं. मग बाबांनी तिला हत्तीची सोंड घट्ट कशी बसवायची ते दाखवलं आणि तिने त्यांना टॉवेलचं माकड शिकवलं, जे टांगता येतं. बाबांच्या काळी ते नव्हतं. आई आणि मी बेडवर पाय वर घेऊन दोघांचं हे चाललेलं बघत होतो. माझ्या बाबांना काम करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. किती भरभर चालायचे त्यांचे हात!

मला अजूनही वाटतं की पाकीट बंद व्हायला हवं आणि पगार मिळायला हवा. त्यावर मी एक शब्द मागे घेणार नाही. पण त्या संध्याकाळची आठवण आली की पत्रकाची भाषा सुचत नाही.

परत आल्यावर कॅप्टन संपला. कुणी ठरवलं नाही, पण हाक थांबली. आणि त्याच्या जागी काय म्हणायचं हे कुणालाच सुचेना. जिन्यात भेटले की माणसं "अहो" म्हणायची आणि पुढचं गिळायची. सेक्रेटरी तर आमच्या दारावरून जाताना भिंतीकडे बघत जायचे. भिंतीवर चित्रंही नव्हती. गिरणीवाल्या काकांचा सलाम कपाळापर्यंत जाऊन मध्येच केसांवरून फिरायचा. बाबा कधी बोलले नाहीत, पण संध्याकाळी खिडकीत बसून ते खालचे आवाज ऐकत राहायचे. मला त्या हाकेचा राग यायला हवा होता. मला ती आठवायची.

बिल्डिंग रिकामी करायचा दिवस आला. कुणी मिरा रोडला चाललं होतं, कुणी घोडबंदरच्या बाजूला, आम्ही जेसल पार्कला. गिरणी बंद झाली होती तरी जिन्यात वास होताच. दिवाण खाली गेला होता. बाबांनी आदल्याच दिवशी वॉचमनला पाकीट दिलं होतं. आता ते रिकाम्या हॉलमध्ये उरलेल्या चादरींचे चौकोन करत बसले होते.

खालून सेक्रेटरींचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी त्यांनी आमच्या खिडकीकडे तोंड करून हाक मारली होती.

"ओ स्टुअर्डसाहेब! टेम्पोत सामान कसं लावायचं सांगा जरा! ह्या लोकांना काही समजत नाहीये!"

खाली कुणीतरी फिसकन हसलं. टोमणा होता की माफी होती, मला आजही सांगता येणार नाही. मी खिडकीशी धावले, उत्तर तयार होतं माझ्याकडे, चांगलं धारदार. तोंड उघडलं.

पण बाबांनी चादर बाजूला ठेवून माझ्या आधीच ओ दिली होती.